आधी मटण कोणतं ते छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वर्षअखेरच्या पुरवणीत घरच्या घरी स्टेक करण्याची कृती आली होती. अर्धं पान, मोठा रंगीत फोटो आणि खाली दहा-बारा ओळी. ती वाचून आमच्या शेजारच्या पोराने 31 तारखेला काय केलं ते आधी सांगतो, मग माझं म्हणणं.

पोरगं दीपनगरला कामाला आहे, हौशी आहे. सकाळी अकराला मटण मार्केटात जाऊन त्याने एक किलो बोनलेस मागितलं. वर्षअखेरची गर्दी. खाटकाने त्याच सकाळी कापलेल्या बोकडाचं, हाताला येईल तिथलं मांस काढलं आणि रश्श्याला करतात तसे तुकडे करून पिशवीत टाकले. पोराने ते नळाखाली धुतले, मीठ-मिरपूड लावली आणि नॉनस्टिकच्या पॅनमध्ये सगळे एकदम ओतले. मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं, असं आपल्या पुरवणीत होतं. तिसऱ्या मिनिटाला पॅनमध्ये तळं साचलं. मटण त्या पाण्यात उकळत राहिलं, राखाडी पडलं आणि पाणी आटेपर्यंत त्याची वहाण झाली. रात्री नऊला पोरगं ताटलीत एक तुकडा घेऊन माझ्या दारात. ‘काका, जरा चावून सांगा, काय चुकलं.’ माझे खालचे दात घरचे नाहीत, त्यामुळे मी नुसता दाबून पाहिला. शेवटी त्याच्या आईने ते सगळं कुकरला लावलं, सहा शिट्ट्या दिल्या, काळा मसाला घातला. रस्सा उत्तम झाला होता, दोन वाट्या मीही प्यायलो.

पोराचं काय चुकलं? तव्यावर जे चुकलं ते थोडं. बाकी सगळं सकाळी अकराला, खाटकाच्या ओंडक्यावरच चुकून बसलं होतं, आणि ओंडक्याबद्दल आपल्या पुरवणीत एक अक्षर नव्हतं. ‘चांगल्या प्रतीचं मांस घ्यावं’ एवढंच. संपादकसाहेब, हिवाळ्यात आपण दर वर्षी भरताची कृती छापता. त्यात ‘चांगल्या प्रतीचं वांगं घ्यावं’ एवढं लिहून चालेल का? बामणोदकडचा माणूस आपल्या कचेरीत येऊन भांडेल. हिरवट-पांढरं, मोठं, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागणारं वांगं घ्या, जड लागलं तर आत बिया आहेत असं समजा, आणि भाजायला तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या असाव्यात, हे आपण छापता. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. वांग्याला जो मान देता तो साडेसातशे-आठशे रुपये किलोच्या मटणाला का नाही, एवढीच माझी तक्रार आहे. आता तक्रार केलीच आहे तर जे छापायला हवं होतं तेही सांगतो.

मी कोण, तेही सांगायला हवं. 1975 साली मी रेल्वेत मसालची म्हणून लागलो. मसालची म्हणजे वाटण वाटणारा, भांडी घासणारा, कांदे सोलणारा. भुसावळ जंक्शनवर तेव्हा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांची घरं अजून होती, कमी झाली होती पण होती. बड्या दिवसाला, म्हणजे नाताळला, त्यांच्याकडे आणि साहेब लोकांच्या बंगल्यांवर जेवण करायला आमचे उस्ताद जायचे, मी त्यांची पिशवी उचलायला. उस्ताद गोव्याकडचे. आयुष्य रेल्वेच्या किचनात गेलं, पण मटणाच्या दुकानात ते नवऱ्या मुलीच्या बापासारखे उभे राहायचे, कशालाच हो म्हणायचे नाहीत. निवृत्त होईपर्यंत मी खानसामा झालो होतो, पण जे आलं ते त्यांच्या हाताखालीच आलं.

तर पहिली गोष्ट जनावराची. स्टेक म्हणजे मांसाचा जाड, सबंध काप, तो थोडाच वेळ आगीवर राहतो. रश्श्यात दोन तास शिजून कोणतंही मांस शरण येतं, इथे तेवढा वेळच नाही. म्हणून जनावर कोवळं लागतं आणि त्याच्या अंगाचा आळशी भाग लागतो. खाटकाला सोललेला बोकड किती किलोचा ते विचारा. आठ-दहा किलोचा असेल तर ठीक. पंधरा-अठराचा असेल तर रश्श्याला न्या, स्टेकच्या नादी लागू नका. अदात, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, किंवा नुकताच दोनदाती, म्हणजे पहिले दोन पक्के दात आलेला असावा. खच्ची केलेला असेल तर उत्तम, त्याला तो उग्र वास येत नाही. मांस फिकट लाल हवं, गडद काळपट म्हणजे वयाने मोठं. चरबी पांढरी, घट्ट, कोरडी. पिवळी आणि चिकट असेल तर पुढच्या दुकानात चला. बोटाने दाबून पाहा, खळगा भरून आला पाहिजे. खाटीक ओरडला तर ओरडू द्या.

भाग कोणता? जनावराचा जो अवयव चालतो, वाकतो, ओझं पेलतो तो चिवट. मान, खांदा, नळ्या, सीना हे सगळं रश्श्याचं राज्य, आणि चव तिथेच जास्त असते हेही खरं. पण पाठीच्या कण्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेली जी पट्टी असते, जिला आमच्याकडे पुठ म्हणतात, तिला फारसं काम नसतं. ती अख्खी काढून मागा. तुकडे करू नका असं तीनदा सांगा, कारण खाटकाचा सत्तूर सवयीने खाली येतोच. किंवा चापा, म्हणजे बरगडीच्या हाडासकटचे काप घ्या, पण दोन-दोन हाडांच्या जाड. रानाचे, म्हणजे मागच्या मांडीचे, हाडासकट आडवे, इंचभर जाडीचे कापही चालतात. ते मात्र सत्तुराने फोडायचे नाहीत, करवतीने कापायचे. सत्तुराने हाडाच्या बारीक कपच्या मांसात घुसतात. एकदा एका इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाच्या दाताखाली अशी कपची आली, त्याचं निस्तरताना उस्तादांची आठवड्याची रजा गेली.

आपल्या पुरवणीत बीफ असा शब्द होता, त्याबद्दल दोन वाक्यं. राज्यात गाईची कत्तल 1976 च्या कायद्याने बंद झाली, आणि मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. तेव्हा परदेशी पुस्तकातला बीफ शब्द जसाच्या तसा मराठी पेपरात उतरवून वाचकाने नेमकं काय आणायचं? म्हशीच्या जातीचं मांस त्या बंदीत नाही, ते परवाना असलेल्या दुकानात मिळतं, मोठ्याचं म्हणून. कोणी खावं, कोणी खाऊ नये, यात मी पडत नाही, माझ्या घरातच निम्मी माणसं अंडंही खात नाहीत. पण जे खातात त्यांच्यासाठी सांगतो. स्टेकसाठी त्यातला फक्त अंडरकट मागा. कण्याच्या आतल्या बाजूला, गुर्द्यांच्या जवळ, लांबट असे दोन पट्टे असतात. सबंध जनावरात दोनच, म्हणून आधी सांगून ठेवावे लागतात. या मांसाचा रंग गडद असतो आणि चरबी पांढरीशुभ्र. गडद रंग पाहून शिळं आहे असं समजू नका. त्यावरचा चंदेरी पडदा धारदार सुरीने सोलून काढा, तो कितीही शिजवला तरी मऊ होत नाही, उलट आवळून मांसाची वाटी करतो. परदेशी फोटोत मांसाच्या आत चरबीच्या पांढऱ्या नक्षीच्या रेषा दिसतात, तशा ना आपल्या बोकडात असतात ना म्हशीत. म्हणून आपल्या मांसाला आग कमी वेळ आणि तूप जास्त लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात पत्र लिहायला बसलो ती. ताजं.

आपल्याकडे मटण म्हणजे ताजं. समोर कापलेलं, हाताला कोमट लागणारं, घरी नेऊन लगेच चुलीवर. लग्नात, मानपानात, शेतातल्या कार्यक्रमात हेच चालतं आणि रश्श्याला ते बरोबरही आहे. पण जनावर कापल्यावर काही तासांत त्याचं मांस आखडतं. खाटीकही हाच शब्द वापरतात. जिवंत असताना मांसाचे धागे एकमेकांवरून सरकत असतात, त्याला ताकद लागते. जीव गेला की ती ताकद संपते आणि धागे जिथल्या तिथे एकमेकांत अडकून बसतात. मग थंडीत एक-दोन दिवस ठेवलं की मांसातलेच पाचक रस ती गाठ हळूहळू सोडवतात आणि मांस पुन्हा सैल पडतं. शेजारच्या पोराने सकाळी कापलेलं मटण संध्याकाळी सातला तव्यावर टाकलं, म्हणजे नेमकं ऐन आखडलेल्या वेळी. त्याने पॅरिसहून आचारी आणला असता तरी ते चिवटच राहिलं असतं.

तेव्हा 31 तारखेला खायचं असेल तर मटण 29 ला आणा. तसंच गरम-गरम फ्रीझरमध्ये मात्र कोंबू नका. आखडायच्या आधीच गोठलेलं मांस बाहेर काढल्यावर जास्तच आकसतं आणि पाणी सोडतं. खाली फ्रीजमध्ये, जाळीवर, खाली ताटली ठेवून, दोन दिवस. वरून झाकण घट्ट लावू नका, हवा लागू द्या, वरचा भाग कोरडा पडला तर हवाच आहे. फ्रीज 4 अंशांच्या आत असायला हवा. भारनियमनात चार-पाच तास वीज गेली तर हा प्रयोग सोडा आणि सरळ रस्सा करा. उस्तादांच्या तरुणपणी फ्रीज नव्हता. जाळीचं कपाट असायचं, चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. त्यात डिसेंबरच्या रात्री, उत्तरेकडच्या खिडकीत, ते रान टांगून ठेवायचे. हे मी ऐकलेलं सांगतो, करा म्हणत नाही. आणि मे महिन्यात, भुसावळचा पारा 45 च्या वर असताना, तर मटण पिशवीतून घरी येईपर्यंतसुद्धा घाई करा.

घाईच असेल, दोन दिवस थांबायचं नसेल, तर कच्ची पपई आहे. पण अर्ध्या किलोला एक चमचा वाटण आणि अर्धा तास, बस. पपईचा रस वरच्यावरच काम करतो, आतपर्यंत जात नाही, आणि रात्रभर ठेवला तर वरून लगदा आणि आतून दगड अशी गत होते. शहाद्याकडचे लोक मोठ्या हाताने घालतात, कारण पपई त्यांच्या दारात पिकते. त्यांनी मला माफ करावं.

मटण धुण्याबद्दल लिहिलं की घराघरात वाद होईल, माझ्या घरात झाला. माझं म्हणणं, स्टेकचा काप धुऊ नये. वाहत्या पाण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि कोथिंबिरीवर जातात. ते मरतात आगीने. आणि ओलं मांस तव्यावर तांबूस होत नाही. ज्यांच्या हाताला धुतल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनी दोन दिवस आधी, आणल्या आणल्या धुवावं, आणि मग स्वच्छ कापडाने असं टिपावं की कापड कोरडं निघेल. मीठ आदल्या रात्रीच लावा, अर्ध्या किलोला सपाट एक चमचा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारट पाणी मांस पुन्हा पिऊन घेतं. हे व्हायला वेळ लागतो. आदल्या रात्री जमलं नाही तर थेट तव्यावर टाकताना लावा. वीस मिनिटं आधी लावणं सगळ्यांत वाईट, तेव्हा पाणी नेमकं बाहेर आलेलं असतं. हळद नको, तेवढ्या आचेवर कडू होते. काळा मसालाही नको. काळा मसाला मुळातच भाजलेला, त्याला पुन्हा जाळून काय मिळणार?

तवा बिडाचा घ्या. नॉनस्टिक एवढ्या आचेला बनलेला नाही. बीड जड असतं, उशिरा तापतं, पण एकदा तापलं की थंड मांस पडल्यावरही हार मानत नाही. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा एक आहे, धिरड्यांचा, तोच वापरतो. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं कोरडाच तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नुसता चुर्र करून संपला तर अजून थांबा. मोत्यासारखा गोल होऊन पळत सुटला की तवा झाला. तेल शेंगदाण्याचं, रिफाइंड, तव्याला नव्हे तर मांसाला चोळा. ऑलिव्ह ऑइल भुसावळला शोधत फिरण्याची गरज नाही, आणि लोणी आधी टाकलं तर त्यातला दुधाचा अंश जळतो. खिडकी उघडा, धूर होणारच. एका वेळी दोनच काप, मध्ये चार बोटं जागा. गर्दी केली की तवा थंड पडतो आणि मग शेजारच्या पोराचं तळं.

इथे आपल्या पुरवणीतली एक चूक सांगायलाच हवी. मोठ्या आचेवर बाहेरून भाजलं की मांसाची छिद्रं बंद होऊन रस आत राहतो, असं लिहिलं होतं. उस्तादही असंच म्हणायचे आणि मीही तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. नात जळगावला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, तिने एका प्रश्नात मला गप्प केलं. ‘आजोबा, छिद्रं बंद झाली असतील तर तव्यावर शेवटपर्यंत चुरचुर कशाची होते?’ खरंच की. ती चुरचुर बाहेर येणाऱ्या रसाचीच. तिने सांगितलं, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञापासून चालत आली आहे. बाहेरून तांबूस करायचं ते चवीसाठी. 1912 साली मायार नावाच्या फ्रेंच माणसाने ही क्रिया मांडली, साधारण 140 अंशांच्या पुढे ती जोरात चालते. पाणी तर 100 लाच उकळतं, म्हणजे वर पाणी आहे तोवर रंग येणार नाही, हे तिचं गणित. मला ते गणित कांद्यावरून लगेच पटलं. काळ्या मसाल्याचा कांदा आपण निखाऱ्यावर कोरडा भाजतो, झाकण ठेवून वाफवत नाही, ते याच कारणाने. आपल्या खान्देशी बायांना हे मायारच्या आधीपासून ठाऊक आहे, फक्त कोणी नाव विचारलं नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतःची मोडली ती उलटण्याची. उस्ताद म्हणायचे, एकदाच उलटायचं, दोनदा हात लावला तर फटका. आता मी दर मिनिटाला उलटतो. त्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात, कडेला राखाडी जाड पट्टा होत नाही, आणि वेळही थोडा वाचतो. उस्ताद असते तर बोलणं बंद केलं असतं. पण उलटायचं ते चिमट्याने. काट्याने टोचून उलटायचं नाही, हे उस्तादांचं मात्र शंभर टक्के खरं. मी नवा असताना कापात काटा खुपसला, तेव्हा त्यांनी पळीने माझ्या बोटांच्या पेरांवर मारलं होतं. ‘पुता, तू त्याला का मारतोस, ते आधीच मेलंय.’ छिद्राने किती रस जातो तो जाऊ दे, पण काट्याबरोबर बाहेरचे जंतू आत जातात, आणि कापाचा आतला भाग तर आपण कमी शिजवणार असतो. याच कारणाने खिमा कधीही अर्धाकच्चा खायचा नाही. त्यात बाहेरचं सगळं आत कालवलं गेलेलं असतं. तो 71 अंशांपर्यंत गेलाच पाहिजे.

किती वेळ, हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि हाच प्रश्न चुकीचा आहे. तीन मिनिटं की पाच, हे कापाच्या जाडीवर, तव्यावर, तुमच्या गॅसवर आहे. पूर्वी आम्ही बोटाने दाबून ओळखायचो. अंगठ्याला एकेक बोट टेकवून तळहाताचा मांसल भाग किती घट्ट होतो त्याच्याशी ताडून पाहायचो. साहेबांसमोर ते छान दिसतं. पण माझा हात मऊ, तुमचा कष्टाचा, मग माप कोणाचं? मुलाने पाचशे-सहाशे रुपयांचा मटणात खुपसायचा थर्मामीटर आणून दिला, तेव्हापासून मी कबूल केलं की बोट फसवत होतं. तो कडेने, जाड भागाच्या मधोमध, एकदाच घाला. त्याचं टोक आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा, नाहीतर काट्याबद्दल मघाशी जे बोललो ते मलाच लागू. परदेशात 52-55 अंशांवर उतरवतात, आत लालभडक. आपल्या दुकानांची, उन्हाची, वाहतुकीची स्थिती पाहता मी तेवढं धाडस करत नाही. 60 ला तवा सोडतो, आणि नुसतं ठेवल्या ठेवल्या ते 63 पर्यंत चढतं. आत गुलाबी राहतं, रसरशीत राहतं. 63 पर्यंत चढलं नाही तर पुन्हा मिनिटभर तव्यावर. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा माझ्याहून म्हातारं कोणी असेल तर त्यांचं पूर्ण शिजवा, तिथे चवीचा विचार नको. आणि ताटलीत जे लाल पाणी येतं त्याला रक्त म्हणून नाक मुरडू नका. रक्त कापतानाच वाहून जातं. हा मांसातलाच रंग आहे, मायोग्लोबिन, हा शब्दही नातीचाच.

शेवटच्या मिनिटाला आच कमी करून चमचाभर तूप, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या. तवा कलता करून ते तूप चमच्याने कापावर ओतत राहा. रोझमेरी नसली तर काही बिघडत नाही. मग जाळीवर पाच मिनिटं ठेवा, लगेच सुरी लावू नका, आणि कापताना मांसाचे धागे कुठल्या दिशेने जातात ते पाहून त्यांना आडवं कापा. लांब धागा दातांना ओढावा लागतो, आखूड धागा आपणच सुटतो. बाजूला अँग्लो-इंडियन लोक बटाटा कुसकरून लोण्यात घोळून द्यायचे. मी या दिवसांत भरीत देतो, हिरव्या मिरचीचं, आणि कळण्याची भाकरी. हसू नका, एकदा खाऊन पाहा. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि तव्याच्या मांसाचा धूर एकाच घरातले वाटतात.

तर विनंती अशी. पुरवणीत पुन्हा मांसाची कृती छापाल तेव्हा पहिल्या तीन ओळीत एवढं असू द्या की जनावर कोणतं, भाग कोणता, आणि कापल्यानंतर किती तासांनी शिजवायचं. जागा कमी पडली तर फोटो लहान करा. फोटोवरून आठवलं, त्यात मांसाच्या मधोमध काटा उभा खुपसलेला होता.

आपला,
एक निवृत्त खानसामा, भुसावळ
(नाव छापू नये, साहेब लोकांपैकी काही अजून हयात आहेत.)

ता.क. हे पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं म्हणून पुढचंही लिहितो. शेजारच्या पोराला घेऊन मी गुरुवारी स्वतः दुकानात गेलो. नऊ किलोच्या बोकडाची पुठ अख्खी काढून घेतली, दोन दिवस माझ्याच फ्रीजमध्ये ठेवली, शनिवारी रात्री मीठ लावलं. रविवारी दुपारी त्याने स्वतः भाजली, मी फक्त स्टुलावर बसलो होतो. थर्मामीटरवर 60 दिसताच त्याने उतरवली. कापल्यावर आत गुलाबी, सुरी लोण्यात जावी तशी गेली. पोराने दोन घास खाल्ले आणि काही बोललाच नाही, तिसरा घेतला. आमच्या हिचं माहेर अमळनेरकडचं. तिने ताटलीत वाकून पाहिलं, ‘इतला पैसा दिसन कच्चंच खावानं का?’ म्हणाली, आणि उरलेले दोन काप उचलून चुलीवरच्या रश्श्यात सोडले.